जपानी अंगणबाग

घरापुढील किंवा घराच्या पोटातील मोकळ्या जागेत दगड, खडी, पाणी व मोजक्या वनस्पती यांच्या मांडणीने निसर्गदृश्याचा संक्षेप साधणारी उद्यानरचना. डोंगर, ओढा, बेट, समुद्रकिनारा इ. विस्तीर्ण दृश्ये या रचनेत काही चौरस मीटरांत सूचित केलेली असतात. चार समान भागांत विभागलेल्या मोगल चारबागेहून (उदा., छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबऱ्याची बाग) आणि हिरवळ व फुलांचे ताटवे यांवर भर देणाऱ्या औपचारिक यूरोपीय बागेहून ती मूलतः भिन्न आहे. तिच्यात मध्यरेषा नसते, सममिती कटाक्षाने टाळतात आणि रिकामी ठेवलेली जागा हाही रचनेचा एक घटक मानतात. दगडी दिवे, कमानदार पूल अशा वस्तूंवरून ही शैली ओळखण्याचा प्रघात पडला आहे. तथापि तिचे मर्म या वस्तूंत नसून, स्थानिक भूमीचे रूप स्थानिक साहित्याने संक्षेपाने मांडण्याच्या पद्धतीत आहे. त्यामुळे पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशातही ती अनुसरता येते; किंबहुना तिचा ‘कोरडा’ प्रकार अशा प्रदेशास विशेष सोयीचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जपानी भाषेत बागेला ‘निवा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ रोख झाडाफुलांकडे नसून स्वच्छ केलेल्या मोकळ्या जागेकडे आहे. शिंतो पूजास्थानापुढील, खडे पसरलेली पवित्र जागा आणि शेतकऱ्याच्या घरापुढील कामाची जागा या दोहोंसही तो लावला जाई. या दृष्टीने मराठीतील ‘अंगण’ व ‘खळे’ या कल्पना त्यास जवळच्या आहेत.

बागेची पुढील घडण चीन व कोरिया यांच्याकडून आलेल्या बौद्ध संस्कृतीच्या संपर्काने झाली. निहोन शोकी या ७२० मधील इतिहासग्रंथात, कोरियातील पेक्चे राज्यातून आलेल्या एका कारागिराने ६१२ साली राजवाड्याच्या दक्षिण अंगणात सुमेरू पर्वताची प्रतिकृती उभारल्याची नोंद आहे. भारतीय विश्वरचनेतील मेरू पर्वत पुढे जपानी बागांत ‘शुमिसेन’ या नावाने, मध्यवर्ती उभ्या दगडाच्या रूपाने वावरत राहिला.

हेइआन काळात (७९४–११८५) सरदारांच्या वाड्यांपुढे तळी व बेटे असलेल्या मोठ्या बागा झाल्या. याच काळातील, अकराव्या शतकात रचलेला साकुतेइकी हा बागरचनेवरील जपानमधील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ होय. परंपरेने तो ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–९४) याचा मानतात. नामवंत निसर्गदृश्ये स्मरून त्यांचे सार आपल्या जागेत उतरवावे आणि एक दगड बसविल्यानंतर त्याचे ‘मागणे’ ओळखून पुढचे दगड बसवावेत, अशी त्याची शिकवण आहे. तळे किंवा ओहोळ नसलेल्या जागी केलेल्या दगडांच्या मांडणीला या ग्रंथात ‘कारेसान्सुई’ (कोरडे डोंगर-पाणी) ही संज्ञा आली आहे.

कारेसान्सुई प्रकाराचा उत्कर्ष झेन पंथाच्या मठांत झाला. मुसो सोसेकी (१२७५–१३५१) या झेन आचार्याचे नाव क्योटोमधील साइहो-जी व तेन्‌र्‍यू-जी येथील बागांशी निगडित आहे. क्योटोतील र्‍योआन-जी या मठाची बाग या प्रकाराचा आदर्श मानली जाते. सुमारे २५ मी. लांब व १० मी. रुंद अशा आयताकृती अंगणात दंताळ्याने रेषा ओढलेली पांढरी खडी पसरलेली असून तीत १५ दगड पाच गटांत मांडलेले आहेत. ओसरीवर कोठेही बसले, तरी निदान एक दगड दुसऱ्याआड दडलेला राहतो. दाइतोकु-जी मठसमूहातील दाइसेन-इन येथे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या चिंचोळ्या बागेत डोंगरातून निघालेली नदी मैदानात येऊन सागरास मिळते, असे दृश्य आहे. पाण्याचा मात्र एक थेंबही तीत नाही.

सेन नो रिक्यू (१५२२–९१) याच्या काळात चहापानविधीबरोबर ‘रोजी’ म्हणजे चहागृहाकडे नेणारी वाट विकसित झाली. सुट्या दगडांची पायवाट, हात धुण्याची बुटकी दगडी कुंडी (त्सुकुबाई) व दगडी दिवा (तोरो) या तीन गोष्टी तेथून सर्व बागांत पसरल्या. त्यांपैकी दिवा हा मुळात मंदिरांपुढील नवसाचा दिवा होता; महाराष्ट्रातील देवळांपुढच्या दीपमाळेशी त्याचे नाते जुळते. इडो काळात (१६०३–१८६८) एकीकडे सरंजामदारांच्या विस्तृत विहारबागा आणि दुसरीकडे व्यापाऱ्यांच्या अरुंद, लांबट घरांच्या पोटातील ‘त्सुबोनिवा’ असे दोन टोकांचे प्रकार रूढ झाले. ‘त्सुबो’ हे सुमारे ३·३ चौ. मी. क्षेत्रफळाचे माप आहे. त्यावरून या बागेच्या आकाराची कल्पना येते. घरास उजेड व वारा पुरविणे हे तिचे पहिले काम. मराठी वाड्यातील चौकही हेच काम करी. विसाव्या शतकात शिगेमोरी मिरेइ (१८९६–१९७५) याने क्योटोच्या तोफुकु-जी मठात १९३९ साली दगड, खडी, शेवाळ व फरशी यांच्या आधुनिक भौमितिक मांडणीने या परंपरेस नवे वळण दिले.

मूलतत्त्वे : जपानी बागेची तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतात. (१) संक्षेप : एका दगडाने डोंगर, एका झुडुपाने वन सूचित करणे. (२) असममिती : घटक विषम संख्येत, बहुधा तीन, पाच वा सात, असे घेऊन ते विषमभुज त्रिकोणात मांडणे. (३) रिक्तता : पाहणाऱ्याच्या नजरेस विसावा मिळेल एवढी जागा मोकळी ठेवणे. र्‍योआन-जी येथे दगडांनी अंगणाचा अत्यल्प भाग व्यापलेला आहे. (४) क्रमशः दर्शन : सर्व बाग एका दृष्टिक्षेपात न दाखविता वळणे व आडोसे यांनी टप्प्याटप्प्याने उलगडणे. (५) उसने दृश्य (शाक्केई) : कुंपणापलीकडचा डोंगर, वृक्ष वा शिखर रचनेत सामावून घेणे. क्योटोच्या एन्त्सू-जी येथे कातरलेल्या कुंपणाने मधली वस्ती झाकली जाते आणि दूरचा हिएइ पर्वत बागेचाच भाग वाटतो. (६) जीर्णतेचा आदर : ऊनपावसाने रापलेला दगड व वयाने वाकलेले खोड यांना नव्या, चकचकीत वस्तूंपेक्षा श्रेष्ठ मानणे.

महाराष्ट्रातील उदाहरण : पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे महानगरपालिकेने उभारलेले पुणे–ओकायामा मैत्री उद्यान हे या शैलीचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण असून त्यास पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे नाव दिलेले आहे. सुमारे १० एकर (४ हेक्टर) क्षेत्राचे हे उद्यान ओकायामा येथील कोराकुएन या बागेवरून बेतलेले आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरंजामदाराने १६८७ मध्ये सुरू करून १७०० मध्ये पूर्ण केली. ती आसाही नदीतील बेटावर असून तिचे क्षेत्र १३ हेक्टरांहून अधिक आहे. विस्तृत हिरवळ, तळी, ओहोळ व भाताची वावरे हे तिचे विशेष होत.

पुण्याचे उद्यान विहारबागेच्या वर्गात मोडते. फिरता फिरता पाहावयाची, वाहत्या पाण्यावर आधारलेली अशी ही रचना आहे. घरापुढील अंगणासाठी मात्र हा नमुना घेण्यात अडचण येते. विहारबाग लहान केली म्हणजे अंगणबाग होत नाही. तळ्याचे डबके होते, पुलाखाली पाणी उरत नाही आणि हिरवळ उन्हाळ्यात जळते. अंगणास योग्य असे नमुने र्‍योआन-जीची कोरडी बाग, चहागृहाची वाट व त्सुबोनिवा हे तीन होत.

अवर्षणप्रवण प्रदेशातील उपयोजन : धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर–तुळजापूर मार्गावर तुळजापूर तालुक्यात असलेल्या तामलवाडीसारख्या गावाची परिस्थिती उदाहरणादाखल घेता येईल. हा बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील बेसाल्टी प्रदेश आहे. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० ते ८०० मिमी. असून बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. क्योटोत साधारणतः १,५०० मिमी. पाऊस वर्षभर विभागून पडतो. तेथील शेवाळाच्या बागा त्यावरच पोसल्या आहेत. उलट, मराठवाड्यात दुष्काळी वर्षी पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागते. शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा ठिकाणी बागेचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून पाण्याचा असतो.

तो हिशेब सोपा आहे. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसास सुमारे एक सेंमी. उतरते. म्हणजे केवळ १० चौ. मी. पृष्ठभागाच्या तळ्यातून रोज १०० लिटर पाणी हवेत जाते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशनने धरलेले प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. हे तळे जवळजवळ दोन माणसांचे पाणी संपविते. ३० चौ. मी. हिरवळीस उन्हाळ्यात दररोज १५० ते २०० लिटर पाणी द्यावे लागते. तेवढ्याच जागेत खडी पसरली, तर तिला पाणी मुळीच लागत नाही. आठ-दहा झुडुपे व एक झाड यांना ठिबक नळीने दिलेले थोडे पाणी पुरते आणि त्यासाठी घरातील धुण्याभांड्याचे पाणी गाळून वापरता येते.

याहून महत्त्वाचा मुद्दा अनुरूपतेचा आहे. या प्रदेशातील ओढे वर्षातील सात-आठ महिने कोरडे असतात. गोटे, वाळू व काठावरची चार झुडुपे हेच त्यांचे नित्याचे रूप. कारेसान्सुई बागेतील कोरडा प्रवाह जपानात पाण्याचे प्रतीक असतो. येथे तो परिसराचे यथातथ्य चित्र ठरतो. आपल्या भूमीचे सार अंगणात उतरवावे हा साकुतेइकीमधील विचार असा शब्दशः पाळला जातो.

आखणी : प्रारंभी बाग कोठून पाहावयाची हे निश्चित करतात. ओसरी, बैठकीची खिडकी व फाटक या तीन जागांवरून अंगण न्याहाळून मुख्य दर्शनबिंदू ठरवितात. ६ मी. × ९ मी. मापाच्या सपाट अंगणात साधारणपणे अर्धी जागा खडीस, पाचवा हिस्सा वाटेस व उरलेली झाडे, दगड व बसण्याची जागा यांस देणे इष्ट असते. वाहन उभे करावयाचे असल्यास ती जागा आडोशाने वेगळी करतात. धान्य व मिरच्या वाळत घालणे, लग्नकार्याचा मांडव, मुलांचे खेळ ही अंगणाची नित्याची कामे आहेत. ती लक्षात न घेता केलेली बाग टिकत नाही. त्यासाठी ओसरीलगतचा पट्टा मोकळा व फरसबंद ठेवावा.

फाटकापासून दारापर्यंतची वाट सरळ न ठेवता तीस एखादे वळण देतात. अंगणात तुळशीवृंदावन असल्यास रचनेचे केंद्र तेच धरावे. दगडी दिव्याची वेगळी आवश्यकता मग राहत नाही. वृंदावन अंगणाच्या मध्यावर असेल, तर दगडांचा मुख्य गट एका बाजूस घेऊन असममिती साधता येते. कुंपणापलीकडे डोंगराची कड, शेतातील जुनी चिंच वा देवळाचे शिखर दिसत असल्यास तेवढ्या भागात कुंपण बुटके ठेवून अन्यत्र उंच करतात. सपाट, रुक्ष वाटणाऱ्या जागेस याने विनाखर्च खोली येते.

जमिनीची तयारी : काळी चिकण माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेले दगड एकदोन वर्षांत कलतात व खडी भेगांत उतरते. म्हणून दगडांच्या व वाटेच्या जागी ४५ ते ६० सेंमी. माती काढून तेथे मुरूम थराथराने टाकतात आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने ठोकतात. काढलेली माती झाडांच्या आळ्यांत अथवा बुटक्या टेकाडासाठी वापरता येते. जमिनीस घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूस १०० मीटरास एक मीटर एवढा उतार देतात.

कोरडा ओढा या उताराच्या दिशेने काढल्यास तो पावसाळ्यात खरोखर पाणी वाहून नेतो. त्याच्या शेवटी शोषखड्डा घ्यावा. ६० चौ. मी. छपरावर वर्षाकाठी ७०० मिमी. पाऊस पडल्यास ४२ हजार लिटर पाणी मिळते. त्यातील काही भाग वाया जाईल असे धरले, तरी उरलेले पाणी जमिनीत मुरविण्याचे काम बाग करू शकते. जपानी बागेतील अनेक कोरडे प्रवाहही असेच पावसाचे पाणी वाहून नेतात.

दगड : अंगणबागेचा सांगाडा दगडांचा असल्याने त्यांची निवड प्रथम करतात. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याचे अपक्षरण होऊन आतून वाटोळे गोटे सुटतात. शेतांच्या बांधांवर व विहिरींच्या कडेला खोदाईतून निघालेल्या दगडांचे जे ढीग असतात, त्यांत हे गोटे हमखास सापडतात. दगडफूल चढलेला, रापलेला भाग वर येईल असा दगड निवडावा. सुरुंगाने फोडलेला, ताज्या कडांचा दगड जमिनीत गाडावयाच्या बाजूस ठेवावा. नदी-ओढ्यांच्या पात्रांतील वाळू व गोटे परवानगीवाचून उचलणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पात्राचीही त्याने हानी होते.

तीन दगडांचा गट हा मूळ घटक होय : एक उंच, एक मध्यम व एक आडवा. उंच दगड गटाच्या मध्यावर न ठेवता किंचित मागे व बाजूस घेतात. प्रत्येक दगडाचा निदान एक-तृतीयांश भाग जमिनीखाली जावा, असा संकेत आहे. त्यामुळे दगड ठेवल्यासारखा न दिसता भूमीतून वर आल्यासारखा दिसतो व स्थिरही राहतो. एक-दशांश घनमीटर आकारमानाचा बेसाल्टचा दगड सुमारे ३०० किग्रॅ. भरतो. तो हलविण्यास पहारी, लाकडी ओंडके आणि तिपाईस बांधलेली साखळी-कप्पी लागते. हे काम अनुभवी माणसांकडूनच करवून घ्यावे. दगडांवर दगड रचून मनोरे करणे जपानी शैलीस धरून नाही आणि या भागात ते धोक्याचेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून मोठी प्राणहानी झाली होती. सुट्या भागांचा दगडी दिवा बसवावयाचाच असल्यास त्याचे भाग आतून सळईने जोडून घ्यावेत.

खडी : क्योटोतील बागांत ग्रॅनाइटच्या अपक्षरणाने बनलेली पांढरी जाड वाळू वापरतात. या बेसाल्टी परिसरात तसा खडक नाही. पांढरी संगमरवरी खडी दुरून आणून पसरल्यास मे महिन्यातील उन्हाची तिरीप तिच्यावरून थेट घरात येते. म्हणून स्थानिक क्रशरवर मिळणारी ३ ते ६ मिमी. जाडीची करडी खडी धुऊन व चाळून वापरणे श्रेयस्कर असते. काळसर खडी उन्हाने तापते, हा तिचा दोष होय; तो पश्चिमेकडील झाडाच्या सावलीने पुष्कळसा दूर होतो. ठोकलेल्या मुरमावर ६ सेंमी. जाडीचा थर पुरतो. ३० चौ. मी. जागेस १·८ घ. मी., म्हणजे पाऊण ब्रासहून कमी खडी लागते. कडेने उभ्या दगडांची किनार बसविल्यास ती विखुरत नाही.

खडीवरील रेषा लाकडी दंताळ्याने ओढतात. समांतर सरळ रेषा शांत जलाशय सुचवितात, तर दगडाभोवतीची वर्तुळे त्यावर आपटून परतणाऱ्या लाटा. रेषा पुसतात व पुन्हा ओढल्या जातात. ते काम करणे हीच झेन मठांत साधना मानतात. सडा घालून रोज नवी रांगोळी काढण्याची सवय असलेल्या घरांस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

वाट : रोजीतील सुट्या दगडांविषयी एक पाठ प्रसिद्ध आहे. रिक्यूच्या मते त्यांत सहा भाग चालण्याची सोय व चार भाग शोभा असावी. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) याने हे प्रमाण उलटे मानले. राहत्या घरी रिक्यूचे प्रमाण योग्य ठरते. दगडांच्या मध्यांतील अंतर ५० सेंमी. च्या आसपास, दोन दगडांमधील फट सुमारे १० सेंमी. व जमिनीपासून उंची ३ ते ५ सेंमी. ठेवतात. वृद्ध माणसे व लहान मुले यांच्या पावलांस अनुसरून अंतर कमी करावे. जुन्या जात्यांचे दगड जपानी बागांत वाटेसाठी वापरलेले आढळतात. परंतु जात्यास पाय लावणे अनेक मराठी घरांत गैर मानतात. तेथे ते झाडाच्या बुंध्याशी, पाय न पडेल असे ठेवता येतात.

पाणी : चहागृहात शिरण्यापूर्वी पाहुणा त्सुकुबाईपाशी वाकून हात धुतो व चूळ भरतो. बाहेरून आल्यावर अंगणातच हातपाय धुण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील रीत हिच्याशी मिळतीजुळती आहे. जनावरांना पाणी पाजण्याची जुनी दगडी डोणी दाराजवळ, वाटेच्या कडेस बसवून तिच्याखाली गोट्यांचा खळगा केला, तर सांडलेले पाणी लगतच्या झुडुपांस मिळते. एवढे पाणी बागेत ओलाव्याची जाणीव देण्यास पुरेसे असते. पक्षीही त्यावर येतात. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात, म्हणून डोणी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करणे अत्यावश्यक आहे.

वनस्पती : जपानी मेपल, अझेलिया, शेवाळ इ. वनस्पती या हवामानात जगत नाहीत व त्यांचा आग्रह शैलीच्या तत्त्वाशीही विसंगत आहे. वनस्पतींची निवड त्यांच्या नावावरून न करता त्यांच्या कार्यावरून करतात. डेरेदार पाइनच्या जागी छाटून आकार दिलेला आपटा वा बोर येते. हिवाळ्यात पानगळीनंतर खोडाफांद्यांचे रेखीव रूप दाखविण्यास पांढरा चाफा योग्य ठरतो. गोल कातरावयाच्या झुडुपांसाठी कामिनी, कुंपणासाठी मेंदी आणि खडीच्या कडेस जुड्यांनी वाढणारा वाळा ही काटक झाडे उपयोगी पडतात. पार्श्वभूमीस बांबू हवा असल्यास कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारा मानवेल हा प्रकार घ्यावा. तो पसरू नये म्हणून त्याची जागा आखून द्यावी. चेरीच्या बहराची जागा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लगडणारा बहावा घेऊ शकतो. ऐन वैशाखात फुलणे हे त्याचे वैशिष्ट्य ऋतूची जाणीव देणाऱ्या जपानी दृष्टीस साजेसे आहे. अंगण मोठे असल्यास पश्चिमेच्या बाजूस एक कडुलिंब लावावा; लहान अंगणात तो रचनेस भारी होतो व त्याची मुळे जोत्याजवळ नकोत. एकूण जाती पाचसहांपेक्षा अधिक नसाव्यात.

झाडे पावसाळ्याच्या आरंभी लावतात. पहिली दोन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते व बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे लागते. पुढे बहुतेक जाती थोड्या पाण्यावर तग धरतात.

निगा : कोरडी बाग पाणी मागत नाही, पण लक्ष मागते. फेब्रुवारी-मार्चमधील पानगळ, उन्हाळ्यातील वावटळींची धूळ व पावसाळ्यातील तण ही तिची तीन संकटे होत. खडी आठवड्यातून एकदोनदा झाडून दंताळतात. पावसाळ्यात तण मुळासकट उपटावे लागते. खडीखाली मुरूम नीट ठोकलेला असल्यास ते कमी येते. दोनतीन वर्षांनी खडी काढून, धुऊन पुन्हा पसरतात. छाटणी फांदीचा मूळ रोख ओळखून हाताने करतात. झुडुपांना प्राण्यांचे आकार देणे या शैलीत बसत नाही.

सामान्य दोष : सिमेंटचे रंगीत दिवे, कोरड्या जमिनीवरील तांबडा पूल आणि वस्तूंची दाटी हे अनुकरणातील नेहमीचे दोष आहेत. बुद्धमूर्ती शोभेची वस्तू म्हणून बागेत बसविण्याची प्रथा नव्याने पसरली आहे. र्‍योआन-जी, दाइसेन-इन यांसारख्या प्रमाणभूत बागांच्या रचनेत मूर्तीस शोभेची वस्तू म्हणून स्थान नाही. शिवाय महाराष्ट्रात ही मूर्ती लक्षावधी लोकांच्या उपासनेचा विषय असल्याने तिला कारंज्याची वा कुंडीची जोड देणे औचित्यास सोडून आहे. दोषांचे मूळ बहुधा एकच असते. बाग अंगणातून उभी न करता बाजारातून आणली जाते. एखाद्या रचनेतील दिवा, पूल व मूर्ती मनाने काढून टाकून पाहावे. उरलेल्या दगड, खडी व झाडे यांत परिसरातील ओढा, माळ वा टेकडी ओळखू येत असेल, तर ती रचना साधली असे समजतात.

सपाट व उघडे अंगण हे या शैलीच्या दृष्टीने उणेपण नव्हे. झाडून स्वच्छ ठेवलेली मोकळी जागा हाच ‘निवा’ शब्दाचा मूळ अर्थ असल्याने निम्मी बाग तेथे आधीच तयार असते. तीत बांधावरचे पाचसात दगड, ओंजळभर पाणी, एखादे पानगळी झाड आणि पावसाच्या पाण्यास जमिनीत जाण्याची वाट यांची भर घालावयाची असते. अवर्षणाच्या वर्षी अशा बागेतील झुडुपे काही काळ मलूल होतील. दगड व खडी यांची रचना मात्र तशीच राहते आणि पहिल्या पावसाबरोबर कोरडा ओढा वाहू लागतो.